सुभेदारांचा रकाना

सुभेदार मान्यांना रिकामा रकाना बघवत नाही. आमच्या भागातल्या एका एसटी स्टँडवर तक्रारवही टांगलेली असते. ती कित्येक वर्षांत कोणी उघडलेली नव्हती. सुभेदारांनी ती उघडली, तारीख घातली, 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'निरंक' असं लिहिलं आणि खाली सही व हुद्दा टाकला. मग दर सोमवारी हेच. दोन महिन्यांनी तिथल्या कंट्रोलरनं घाईघाईनं मुतारीला चुना मारून घेतला. वरून कोणीतरी गुपचूप तपासणीला येतंय असं त्याला वाटलं होतं.

निरंक म्हणजे काही नाही. सरकारी कागदावर जिथं सांगण्यासारखं काही नसतं तिथं हा शब्द लिहितात. सुभेदारांच्या तोंडी तो दिवसातून पन्नास वेळा येतो. चहात साखर किती, तर निरंक. तब्येतीची कुरकुर, तर निरंक. पुतणीच्या लग्नासाठी त्यांनी तिचा बायोडाटा तयार केला, तेव्हा 'अपेक्षा' या रकान्यापुढेही त्यांनी निरंक लिहिलं. इतकी समाधानी मुलगी शोधून सापडणार नाही म्हणून मुलाकडच्यांनी चार दिवसांत होकार कळवला. अपेक्षा तिनं लग्नानंतर तोंडी सांगितल्या.

मात्र 'निरंक' आणि 'लागू नाही' यांत कोणी गल्लत केली, तर सुभेदार चष्मा काढून टेबलावर ठेवतात. "लागू न्हाई म्हंजे ती गोष्ट तुमच्या वाटंला येणारच नव्हती," ते सांगतात. "निरंक म्हंजे येणार होती, यायला पायजे होती, पर हातात काय न्हाई आलं. लय फरक हाय, बाळ."

हे ते ज्यांना सांगतात ती सगळी वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली असतात. पलूसला स्टँडच्या मागं एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला टेकून पत्र्याची एक खोली आहे. खोलीवर पाटी आहे : 'येथे फॉर्म भरून मिळत नाहीत. येथे फॉर्म भरायला शिकवतात.' पदवी झाल्यावर पुढं एम.एस्सी., एम.टेक. करायचं, पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांत किंवा थेट जर्मनी, हॉलंड, कॅनडाला जायचं, अशी मुलं या खोलीत येतात. उसाच्या पट्ट्यातली, आई-बापांपैकी कोणी कॉलेजची पायरी न चढलेली. सुभेदारांचं वय माझ्याइतकंच, म्हणजे पंच्याहत्तरीला टेकलेलं. ते सैन्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झाले. शर्ट इस्त्रीचा, दाढी रोजची, आणि टेबलावर तीन घड्याळं : एक पलूसचं, एक बर्लिनचं आणि एक टोरांटोचं. "शेवटची तारीख त्यांच्या घड्याळानं असतीया," ते म्हणतात. "आपल्या न्हाई."

मी त्यांच्याविषयी लिहितोय त्याला एक कारण आहे. आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेत काही वर्षांपूर्वी मी एक विनोदी लेख लिहिला होता. त्यात माझा एक वेंधळा वर्गमित्र आहे. वर्गात पहिला येणारा, पण एम.एस्सी.च्या प्रवेश-अर्जातला एक रकाना कोरा ठेवून सगळं आयुष्य गमावून बसणारा. लेख लोकांना आवडला. त्याआधी तीस वर्षं मी तो किस्सा निरोपसमारंभात सांगत आलो होतो आणि मुलं हसत आली होती. त्या लेखात एक चूक आहे. ती दुरुस्त करायची आहे. ती कशी करायची याचीही एक पद्धत मला घालून दिलेली आहे. ती पुढं येईलच.

तीन वर्षांपूर्वी माझी नात सई शेतकीची पदवीधर झाली आणि तिनं जर्मनीत वनस्पतींच्या वाणांवर मास्टर्स करायचं ठरवलं. मी साताऱ्यात राहतो. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा अर्जासाठी मी पुरेसा आहे असं मला वाटत होतं. सईला वाटत नव्हतं. "आबा, माझ्या हॉस्टेलच्या तीन मुली गेल्या ना बाहेर, तिघी पलूसच्या एका आजोबांकडून फॉर्म शिकून गेल्या. रकानेवाले माने म्हणतात त्यांना."

मी विचारलं, "पहिलं नाव काय त्यांचं?"

"सर्जेराव."

कराडला बस बदलून आम्ही पलूसला पोचेपर्यंत मी सईशी फारसं बोललो नाही. तिला वाटलं, मला बस लागली.

खोलीत सात-आठ मुलं दाटीवाटीनं बसली होती. सुभेदारांनी मान वर केली. पन्नास वर्षांनी आम्ही समोरासमोर येत होतो. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. ते शांतपणे म्हणाले, "या सर. बसा. खुर्चीचा डावा पाय जरा कमजोर हाय, उजवीकडं रेलून बसा." मग सईकडं वळून, "नाव?"

"सई."

"पासपोर्टावर आख्खं जसं हाय तसं सांग. अन् वडलांचं नाव दहावीच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टावर एक असं हाय का?"

मुलं हसली. त्यामागं एक हकिकत होती. एका मुलाच्या वडलांचं नाव एका दाखल्यावर 'आप्पा' आणि दुसऱ्यावर 'आप्पासाहेब' होतं. परदेशातल्या ऑफिसनं पत्र पाठवून विचारलं, की अर्जदाराचे वडील एकूण किती? सुभेदारांनी इंग्रजीत खुलासा केला : 'वडील एकच आहेत. साहेब हे आमच्या भागात वय वाढल्यावर आपोआप लागते.' खुलासा मंजूर झाला.

त्यांच्या सगळ्याच हकिकती अशा आहेत. परदेशी अर्जांना 'एसओपी' जोडावा लागतो. म्हणजे मला हे का शिकायचं आहे, याचं निवेदन. पण सैन्यात एसओपी म्हणजे कामाच्या पद्धतीचा कायम हुकूम. सुभेदारांना दुसरा अर्थ माहीत असण्याचं कारण नव्हतं. पहिली मुलगी आली तेव्हा त्यांनी तिच्याकडून एसओपी लिहून घेतला तो असा : 'एक, सकाळी पाच वाजता उठणे. दोन, प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते हे पहिल्याच दिवशी माहीत करून घेणे. तीन, जे समजले नाही ते त्याच दिवशी विचारणे, दुसऱ्या दिवशी लाज वाढते. चार, उपकरण मोडल्यास आपण मोडले असे सांगणे.' अशी एकोणीस कलमं. बाकीच्या जगानं 'लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती' असं लिहिलं होतं. तिला प्रवेश मिळाला. तिथल्या प्राध्यापकांनी चौथं कलम मोठ्या अक्षरात छापून प्रयोगशाळेत लावलंय असं तिनं नंतर कळवलं.

खरा अर्थ कळल्यावरही सुभेदारांनी पद्धत बदलली नाही. "हेतू सगळ्यांचाच चांगला असतोय," ते म्हणतात. "त्यो काय इचारायचा? माणूस काम कसं करतो ते सांगा." आता ते एक कलम हेतूचं घालू देतात. शेवटी.

पासवर्डचंही तसंच. मुलं पासवर्ड विसरतात, म्हणून त्यांनी ठरवून दिलं : घरच्या उसाचा वाण आणि लागणीचं साल. कुठल्या घरानं कुठला ऊस कधी लावला, हे सुभेदारांना पाठ. एकदा एक मुलगी रडत आली, की पोर्टल उघडत नाही, उद्या शेवटची तारीख. ते म्हणाले, "तुझ्या बापानं लागण तोडून खोडवा ठेवलाय का? मग साल जुनंच टाक." खोडवा म्हणजे जुन्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, नवी लागण नव्हे. पोर्टल उघडलं. मी तिथं होतो. विद्यापीठांच्या संगणक-विभागांत मी भलेभले लोक पाहिले आहेत, पण हे पाहिलं नव्हतं.

पण मी पहिल्या दिवसाचं सांगत होतो. सुभेदारांच्या डोक्यामागं भिंतीवर एक चौकट होती. देवाचा फोटो असावा तशी, हार नसलेली. मी लांबूनच ती ओळखली. सई उठून जवळ गेली. आत एक पिवळा पडलेला छापील अर्ज होता. त्यावर आडवा शिक्का : 'अपूर्ण. परत.'

"हा तुमचा?" सईनं विचारलं.

"माझाच. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र. इथनंच शिकवाय सुरू करतो मी," सुभेदार उठून उभे राहिले. "अकरावा रकाना बघ. यापूर्वी अन्य विद्यापीठात अर्ज केला असल्यास तपशील. मी केलाच नव्हता, मग काय लिवणार? कोरा ठेवला. अन् पाठीमागं बारीक अक्षरात छापलंय, रकाना कोरा ठेवू नये, माहिती नसल्यास निरंक लिहावे. त्ये मी वाचलं व्हतं. पर निरंक म्हंजे काय त्ये ठावं नव्हतं. मला वाटलं कुठल्या तरी हापिसाचं नाव असंल." मुलं पुन्हा हसली. "तीन अक्षरं. क्लियर?"

"आणि ही रकान्याशेजारी पेन्सिलीची फुली कोणाची?" सईनं काचेवर बोट ठेवलं. "शेपटीवाली. तपासनिसाची का?"

मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आणि फुलीचं खालचं टोक लांब ओढायची माझी खोड कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनची आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी तिला नाव ठेवलं होतं, 'सरांचा उंदीर'. सईच्या शाळेच्या वह्यांवर ते उंदीर शेकड्यानं आहेत. तिनं एकदा त्या फुलीकडं पाहिलं आणि थोडा वेळ पाहतच राहिली.

सुभेदार म्हणाले, "आमच्या एका दोस्तानं केलीया. अर्ज त्यो घेऊन गेला व्हता. त्याला दिसलं व्हतं, सांगायचं राहून गेलं. शंका? निरंक. चला, आपापल्या फॉर्माकडं."

परतीच्या बसमध्ये सईनं मला काही विचारलं नाही. साताऱ्याच्या स्टँडवर उतरताना नेहमीसारखा माझा हात धरला, एवढंच. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सईला प्रवेश मिळाला आणि ती गेली. मी मात्र जात राहिलो. दर गुरुवारी साताऱ्याहून पलूस. घरी सांगायचो, मुलांच्या शिफारसपत्रांना मदत करतो. ते खोटं नव्हतं. पहिल्याच गुरुवारी सुभेदारांनी माझी जुनी पत्रं माझ्या माजी विद्यार्थ्यांकडून मागवून टेबलावर पत्त्यांसारखी मांडली होती. "सर, तुमचं सगळ्यात पोरगं मेहनती अन् होतकरू हाय. नावं अदलाबदल केली तर चालतंय की."

"ती एक पद्धत असते," मी म्हणालो.

"व्हय, पर माणूस कुठं हाय त्यात?"

तेव्हापासून मी मुलांना समोर बसवून तास-तास प्रश्न विचारायला लागलो. पस्तीस वर्षं शिकवून मला विद्यार्थी माहीत नव्हते, हे मला तिथं कळलं.

आणि सुभेदार पाहायला मिळाले. प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, की ते मुलाला घरी पळवतात. "आईला दाखव आधी, मला काय?" पण नकार आला, की स्वच्छ शर्ट घालून, एसटीनं, स्वतः त्या घरी जातात. एकदा मी बरोबर होतो. मलकापूरचा मुलगा, पाच ठिकाणांहून नकार. वडील दारातच म्हणाले, "आवं सुभेदार, पोरगं नापास झालं म्हणा की."

"नापास न्हाई," सुभेदार चपला काढत म्हणाले. "त्यांच्याकडं जागा न्हाई. त्यो त्यांचा इषय हाय." मग बसून पाचही पत्रं त्यांनी मराठीत सावकाश वाचून दाखवली, एखाद्याचं कौतुक वाचावं तशी. आईनं चहा आणला. चहा संपल्यावर त्यांनी पिशवीतून नवा फॉर्म काढला. त्या घरातून आम्ही निघालो तेव्हा बाप मुलाला सांगत होता, बसून नीट वाच, कोरं काय ठेवू नगं. मी बसमध्ये त्यांच्याकडं बघत होतो. हा माणूस माझ्या जागी प्राध्यापक झाला असता, तर किती मुलं कुठं पोचली असती, याचा हिशेब मी तिथं करायला घेतला आणि पलूस यायच्या आत सोडून दिला.

सुभेदारांचा एक नियम आहे. कोणी स्वतःचा फॉर्म स्वतः तपासायचा नाही. शेवटचं बटण दाबण्याआधी कागदावर प्रिंट काढायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. "माणूस सोताला लय माफ करतोय," ते म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. वीज गेलेली, झेरॉक्सवाला दुकानाच्या पायरीवर वारा घेत बसलेला. सुभेदारांनी माझ्यापुढं एक प्रिंट सरकवली. "एवढं तपासून द्या सर. उद्या शेवटची तारीख हाय."

मी नाव वाचलं. माने सर्जेराव बापू. अभ्यासक्रम : एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र. विद्यापीठ तेच, कोल्हापूरचं.

"प्रवेशपरीक्षा हाय," ते म्हणाले. "वयाची अट निरंक. मी फोन करून इचारलं. पलीकडची पोरगी हसली, मग म्हणाली, या की आजोबा."

मी एकेक रकाना बघत खाली आलो. अक्षरन् अक्षर बरोबर. 'यापूर्वी या विद्यापीठात अर्ज केला होता काय?' यापुढं लिहिलं होतं : 'होय. अपूर्ण राहिला.' मी तिथं थांबलो. प्रिंट टेबलावर ठेवली.

"सर्जेराव," मी म्हणालो, "ते सांगायचं राहून गेलं नव्हतं."

मी सांगत गेलो. तुझा भाऊ रजा संपवून पलटणीत परत चालला होता, तू त्याला पोचवायला मिरज स्टेशनवर गेलास, आणि कराडहून दोघांचे अर्ज घेऊन मी एकटा कोल्हापूरच्या एसटीत बसलो. वाटेत मी दोन्ही तपासले. माझे वडील साताऱ्यात कचेरीत कारकून, निरंक हा शब्द मी बाराखडीबरोबर शिकलेलो. माझ्या अकराव्या रकान्यात मी तो लिहिलेला होता. तुझा कोरा दिसला म्हणून पेन्सिलनं फुली केली, उतरल्यावर पेनानं लिहावं म्हणून. मग खिडकीपुढच्या रांगेत तुझी गुणपत्रिका वर आली. माझ्यापेक्षा वरचढ. जागा थोड्या. पेन माझ्या खिशात होतं. मी ते काढलं नाही. दोन्ही अर्ज तसेच खिडकीत सरकवले. यादी लागली, तिच्यात माझं नाव सगळ्यात खाली होतं. शेवटची जागा.

"एवढंच केलं," मी म्हणालो. "काही केलं नाही, तेच."

सुभेदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ठावं हाय," ते म्हणाले. "अर्ज परत आला त्याच दिवशी. तुझी शेपटीवाली फुली मला वळखता येत न्हाई व्हय? एका बाकावर बसून तीन वर्सं प्रॅक्टिकलच्या वह्या बदलल्या आपण."

"मग कधी बोलला नाहीस?"

"राग व्हता. लय. दोन वर्सं तर असा, की तू रस्त्यात गावला असतास तर सांगता येत न्हाई. भरतीत गेलो, क्लार्क केलं मला. तिथं एका जवानाच्या बायकोचा पेन्शनचा फॉर्म परत आला. रकाना कोरा. तिचा अंगठा व्हता, कुणी सांगितलंच नव्हतं तिला. तिसऱ्यांदा परत आलेला. म्हटलं, माझं काय गेलं, एम.एस्सी.ची एक शीट. हिचं तर घरच बुडतंय. त्या रातीपास्नं तुझ्यावर राग धराय सवडच न्हाई झाली." त्यांनी चौकटीकडं बोट केलं. "तुझी फुली बघून वाटायचं, आधी लिवायचंच व्हतं ह्याच्या मनात. न्हाईतर फुली कशापायी करंल? तेवढं मी धरून ठेवलं."

पन्नास वर्षं मी त्या फुलीला माझ्या अपराधाचा पुरावा समजत आलो होतो. त्या माणसानं ती माझ्या बाजूची साक्ष म्हणून चौकटीत लावली होती.

"पर एक हाय," सुभेदारांचा आवाज एकदम ऑफिसचा झाला. "त्ये स्मरणिकेत तुमी वेंधळा लिवलंय, त्ये खोटं हाय. मी वेंधळा न्हवतो. मला शब्द ठावा नव्हता. त्याची दुरुस्ती करा."

"करतो."

"खोडरबर न्हाई, गिरवागिरव न्हाई. चुकीच्या शब्दावर एक रेघ, खालचं वाचता आलं पायजे. वर बरोबर शब्द. शेजारी सही."

तर, वेंधळा या शब्दावर मी रेघ मारली आहे. वर लिहिलं आहे : त्याला तो शब्द माहीत नव्हता, मला होता. सही म्हणून हा सगळा मजकूर.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं. मी पुन्हा प्रिंट हातात घेतली, तपासायचं काम अर्धं होतं म्हणून. शेवटच्या पानावर एक रकाना कोरा होता. मला आधी वाटलं शाई उमटली नसेल. कागद उजेडाला धरला. कोराच होता. 'आणीबाणीच्या प्रसंगी कोणास कळवावे : नाव, अर्जदाराशी नाते, फोन.'

मी मान वर केली. सुभेदार बर्लिनच्या घड्याळाला किल्ली देत होते. ते घड्याळ सेलवर चालतं. त्यांच्या पत्नीला, शालनवहिनींना, जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मिरज स्टेशनवर पोचवलेला भाऊ केव्हाच वारला. पुतणी हैदराबादला. शेकडो मुलांच्या अर्जांत हा रकाना ज्यानं भरून घेतला, त्याला स्वतःच्या अर्जात तिथं काय लिहावं सुचलं नव्हतं. लागू नाही म्हणवत नव्हतं, आणि निरंक लिहायला हात चालला नव्हता.

मी पेन्सिलीला हात लावला नाही. खिशातलं पेन काढलं. नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, फोनच्या जागी माझा नंबर. मधला नात्याचा रकाना राहिला. वर्गमित्र लिहावं, तर आज मला तो अधिकार उरला होता का? पेन तिथंच थांबलं.

सुभेदार माझ्या खांद्यामागं येऊन कधी उभे राहिले ते मला कळलं नाही. मग हळू म्हणाले, "अन्या, तिथं निरंक लिवू नगंस."

कॉलेज सुटल्यापासून मला अन्या कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथं 'दोस्त' लिहिलं. ते त्यांनी चष्मा लावून तपासलं आणि खाली बारीक सही केली.